फोल्जर आवृत्तीतील ‘ज्यूलियस सीझर’: जुन्या इंग्रजीच्या वाटेवरचे डावे पान

जुने इंग्रजी ऐतिहासिक नाटक मुळातून वाचायला घेणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला पहिली धास्ती असते ती अनोळखी शब्दांची. ‘सूथसेयर’, ‘अलारम’, ‘डब्लेट’ असे शब्द पानावर दिसले की हे पुस्तक आपल्या आवाक्यातले नाही, असे त्याला वाटू लागते. बी.ए.च्या वर्गात शेक्सपिअरचे ‘ज्यूलियस सीझर’ शिकवताना मात्र माझ्या लक्षात आलेली गोष्ट निराळी आहे. अनोळखी शब्द वाचकाला थांबवतो, कोश उघडायला लावतो आणि त्यामुळे फारसे नुकसान करत नाही. नुकसान करतात ते रोजच्या ओळखीचे शब्द. ‘सॅड’, ‘फिजिकल’, ‘क्लॉझेट’, ‘लव्हर्स’ हे शब्द वाचताना कोणी थांबत नाही, कोशही उघडत नाही आणि चारशे वर्षांपूर्वीचे वाक्य आजच्या अर्थाने वाचून पुढे निघून जातो. या फसगतीवर नेमका उपाय करणारी आवृत्ती म्हणून मी वॉशिंग्टन येथील फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीच्या मालिकेतील ‘ज्यूलियस सीझर’कडे पाहतो. खानदेशातील विद्यार्थी, शिक्षक आणि स्वतःच्या आवडीने वाचणारे वाचक यांच्या दृष्टीने ती कितपत उपयोगी आहे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

फोल्जर लायब्ररी १९३२ साली सुरू झाली. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ साली त्याच्या नाटकांचा जो पहिला मोठा संग्रह छापला गेला, ज्याला ‘फर्स्ट फोलिओ’ म्हणतात, त्याच्या ८२ प्रती या एकाच ग्रंथालयात आहेत. ‘ज्यूलियस सीझर’ नाटककाराच्या हयातीत कधी छापले गेले नाही, ते पहिल्यांदा या १६२३ च्या संग्रहातच आले. त्यामुळे या नाटकाच्या संहितेसाठी सर्व संपादकांना त्याच छापील पानांकडे जावे लागते. फोल्जर मालिकेचे संपादन बार्बरा मोवॅट आणि पॉल वेर्स्टाइन यांनी केले असून सायमन अँड शुस्टर या प्रकाशनाने ती कागदी बांधणीच्या लहान आकारात काढली आहे. मूळ छापील मजकुरात संपादकांनी जिथे हात घातला आहे तिथे अर्धे कंस दिलेले आहेत. सामान्य वाचकाचे त्यांच्याकडे लक्षही जाणार नाही, पण संपादकांचा प्रामाणिकपणा त्यातून दिसतो.

या आवृत्तीची खरी ओळख म्हणजे तिची रचना. पुस्तक उघडले की उजव्या पानावर नाटक असते आणि समोरच्या डाव्या पानावर त्याच ओळींच्या क्रमांकानुसार टिपा असतात. तळटिपांची बारीक अक्षरे नाहीत, आणि पुस्तकाच्या शेवटी जाऊन शब्दसूचीत बोट घालून बसणेही नाही. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते; प्रत्यक्षात तिच्यावरच सगळे अवलंबून आहे. शेवटी दिलेली शब्दसूची वाचक तेव्हाच पाहतो जेव्हा आपल्याला शब्द अडला आहे हे त्याला कळलेले असते. जो शब्द अडलाच नाही, जो समजला आहे असे वाटते, त्यासाठी कोणी पाने उलटत नाही. समोरच्या पानावर मात्र नजर आपोआप जाते आणि ज्या शब्दाची शंकाही आली नव्हती त्याची टीप तिथे दिसली की वाचक चमकून मागे येतो.

नाटकाचा पहिलाच प्रवेश घ्या. रोमच्या रस्त्यावर कारागीर काम सोडून सीझरचा विजय साजरा करायला जमले आहेत आणि दोन ट्रिब्यून, म्हणजे लोकांनी निवडलेले अधिकारी, त्यांना हटकत आहेत. सुरुवातीलाच ‘मेकॅनिकल’ हा शब्द येतो. आज त्याचा अर्थ ‘यांत्रिक’, आणि माणसाला तो लावला तर भावनाशून्य, ठोकळ्यासारखा. त्या काळी हातकामावर पोट भरणाऱ्या कारागिराला तो शब्द लावत. आमच्या विद्यार्थ्याला बस स्टँडजवळच्या गॅरेजमधला मेकॅनिक ठाऊक असतो, म्हणून तो अपघाताने का होईना बरोबर अर्थाच्या जवळ पोहोचतो. पुढे एकाला धंदा विचारल्यावर तो ‘कॉब्लर’ असे उत्तर देतो आणि तरीही ट्रिब्यून पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारत राहतो. आजचा वाचक इथे गोंधळतो. त्याने चांभार असल्याचे सांगितले, मग याला कळत कसे नाही? कळत नाही, कारण त्या काळच्या इंग्रजीत ‘कॉब्लर’ म्हणजे कोणतेही काम गबाळेपणाने करणारा, असाही अर्थ होता. त्याने धंदा सांगितला की स्वतःच्या कामाचा दर्जा सांगितला, हे ट्रिब्यूनला उमगत नाही. म्हणून तो ‘डिरेक्टली’ उत्तर दे म्हणतो, आणि इथे ‘डिरेक्टली’चा अर्थ ‘आडवळण न घेता’ असा आहे. मग तो चांभार ‘सोल’ या शब्दावर खेळतो. बुटाचा तळ आणि माणसाचा आत्मा या दोहोंचा उच्चार इंग्रजीत एकच, त्यामुळे आपण बिघडलेले ‘सोल’ दुरुस्त करतो, असे तो म्हणतो. ‘ऑल’ म्हणजे सर्व आणि ‘ऑल’ म्हणजे चांभाराची आरी, हाही एक खेळ त्यात आहे. हे सारे कळले तर प्रवेश हसत हसत वाचला जातो आणि न कळले तर पहिल्या दोन पानांतच पुस्तक मिटते. वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांनी हे नाटक ज्या पानावर सोडून दिले, ते बहुधा हेच पान.

पुढच्या प्रवेशांत ही फसगत अधिक गंभीर होते, कारण आता शब्दांवर विनोद नसून कथानक उभे असते. पुढे सीझरच्या खुनात सामील होणारा ब्रूटस आपला कटातला सोबती कॅसियस याला सांगतो की आपल्या चेहऱ्यावरची काळजी आपण ‘मियरली’ स्वतःवर वळवली आहे. आजच्या अर्थाने ‘केवळ, नुसती’ असे वाचले तर वाक्याचे वजन निघून जाते. त्या वेळी ‘मियरली’ म्हणजे ‘पूर्णपणे’. सीझर आज इतका ‘सॅड’ का दिसतो, असे ब्रूटस कास्काला विचारतो, तेव्हा तो सीझरच्या दुःखाविषयी विचारत नसून त्याच्या गंभीर मुद्रेविषयी विचारत असतो. पोर्शिया आपल्या नवऱ्याला, म्हणजे ब्रूटसला, म्हणते की आजारी माणसाने पहाटेच्या ओलसर हवेत गुंड्या उघड्या टाकून फिरणे ‘फिजिकल’ आहे का? ‘शारीरिक’ हा अर्थ इथे लागूच पडत नाही. ‘प्रकृतीला मानवणारे’ हा अर्थ घेतला की तिचे बोलणे एकदम घरातले वाटू लागते, कारण नवऱ्याला असे टोकणे कोणत्याही घरात ऐकू येते.

सीझरच्या खुनानंतरच्या प्रवेशांत तर एकेका शब्दावर सारा अर्थ तोललेला आहे. ब्रूटस भाषणाला उभा राहतो आणि रोमन लोकांना, देशबांधवांना आणि ‘लव्हर्स’ना साद घालतो. या शब्दावर वर्ग हमखास हसतो. त्या काळी मित्राला, जिवलगाला सरळ ‘लव्हर’ म्हणत, आणि ते हसण्यासारखे मुळीच नव्हते. लगेच पुढे तो म्हणतो की तुमच्या शहाणपणानुसार मला ‘सेन्शुअर’ करा. आज या शब्दाचा अर्थ ताशेरे ओढणे, निषेध करणे. संसदेतील निषेधाच्या ठरावामुळे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तो अर्थ पक्का माहीत असतो, म्हणून ब्रूटस स्वतःहून ‘माझी निंदा करा’ म्हणतो आहे असे त्याला वाटते. ब्रूटसच्या तोंडी त्याचा अर्थ ‘माझा न्याय करा, पारख करा’ एवढाच आहे. तत्त्वाचा, कोरडा आणि स्वतःच्या नीतिमत्तेविषयी निःशंक असा हा माणूस जमावाला न्यायाधीश बनवतो आणि तिथेच हरतो. तो एक शब्द चुकला तर ब्रूटसचा स्वभावच चुकतो.

सीझरचा मित्र मार्क अँटनी मारेकऱ्यांसमोर येतो तेव्हा आणखी कोणाचे ‘रक्त काढायचे’ आहे, आणखी कोण ‘रँक’ आहे, असे विचारतो. ‘रँक’ म्हणजे पद, दर्जा, परीक्षेतला क्रमांक, हे स्पर्धा परीक्षांच्या या दिवसांत पोरासोरांनाही माहीत आहे, आणि म्हणून अँटनी बड्या पदावरच्या माणसांविषयी विचारतो आहे, असा अर्थ ते ठामपणे लावतात. इथला ‘रँक’ म्हणजे अंगात दूषित रक्त फार वाढल्यामुळे ते काढून टाकण्याची गरज असलेला, माजलेला. युरोपातील वैद्य त्या काळी अनेक दुखण्यांवर शीर कापून रक्त काढत, आणि अँटनी खुनाचे वर्णन त्या उपचाराच्या भाषेत करतो. जळवा लावणे आणि रक्तमोक्षण या गोष्टी आयुर्वेदामुळे आपल्या वाचकाला परक्या नाहीत. एकदा हा धागा हाती आला की अँटनीचे ते वाक्य किती तोलून बोललेले आहे हे त्याला कळते. मारेकऱ्यांच्या तोंडावर, त्यांच्या हातांवरचे रक्त वाळले नसताना, तो त्यांना वैद्य म्हणतो आणि ते त्याला काही बोलू शकत नाहीत.

नंतर अँटनी सीझरच्या मृत्युपत्राचा उल्लेख करतो. ते आपल्याला त्याच्या ‘क्लॉझेट’मध्ये सापडले असे तो सांगतो. कपाटात नव्हे, त्याच्या खासगी खोलीत. लोकांना हे मृत्युपत्र कळले तर ते सीझरच्या रक्तात आपले ‘नॅपकिन’ बुडवतील, असेही तो म्हणतो. आजच्या इंग्रजाला नॅपकिन म्हटले की जेवणाच्या टेबलावरची घडी आठवते. आपल्याकडे मात्र शेतकरी, हमाल आणि शिक्षकसुद्धा नॅपकिन खांद्यावर किंवा खिशात घेऊन हिंडतात आणि त्यानेच घाम पुसतात. शेक्सपिअरच्या रुमालापर्यंत पोहोचायला त्यांना टिपेची गरज पडू नये.

डाव्या पानाच्या या पद्धतीची खरी किंमत दुसऱ्या एका प्रकारच्या पुस्तकांशी ताडून पाहिली म्हणजे कळते. बाजारात अशाही आवृत्त्या आहेत ज्यांत समोरच्या पानावर संपूर्ण नाटक आजच्या इंग्रजीत उतरवलेले असते. परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थी त्यांच्याकडे धाव घेतात आणि मी त्यांना दोषही देत नाही. परंतु अशा पुस्तकात हळूहळू मूळ पान वाचणे सुटते. आपल्याकडे सार्थ ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला हा अनुभव ओळखीचा आहे: ओवीखालचा अर्थ वाचत वाचत अध्याय संपतो आणि ओवी जिभेवर बसत नाही. फोल्जरच्या टिपा शब्दापुरत्या, फार तर वाक्यापुरत्या असतात. अर्थाची जुळणी वाचकालाच करावी लागते, म्हणून उजवे पान सुटत नाही. जुन्या भाषेचे वाचन असेच शिकवले पाहिजे, असे माझे मत आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे स्वतंत्र व्याकरण लिहिले ते याच जाणिवेतून, की जुनी मराठी ही आजच्या मराठीची बिघडलेली किंवा अपुरी आवृत्ती नव्हे, तिचे नियम तिचे आहेत. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे आणि खानदेशातील भाषेच्या अभ्यासकाला ही दृष्टी नवी नसावी. इंग्रजीत हेच काम ई. ए. ॲबट यांनी १८६९ साली शेक्सपिअरचे व्याकरण लिहून केले.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण शब्दाचा अर्थ सांगणारी टीप जिथे अपुरी पडते ती हीच जागा. सीझरला मुकुट देऊ केला तेव्हा काय घडले, ते कास्का सांगत असतो. त्याच्या बोलण्यात ‘ही प्लक्ट मी ओप हिज डब्लेट’ असे शब्द येतात. सीझरने आपला डब्लेट, म्हणजे शेक्सपिअरच्या काळातील अंगाबरोबरचे जाकीट, उघडून लोकांपुढे गळा धरला, एवढा त्याचा आशय. (प्राचीन रोमनाच्या अंगावर सोळाव्या शतकातील लंडनचे जाकीट कसे, हा प्रश्न पडला तर तो रास्तच आहे. याच नाटकात रोममध्ये घड्याळाचे ठोकेही पडतात. नाटककाराने रोमन माणसांना आपल्या काळाचे कपडे घातले आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटले नाही.) प्रश्न आहे तो मधल्या ‘मी’ या शब्दाचा, ज्याचा इंग्रजीत अर्थ ‘मला’ असा होतो. सीझरने ‘मला’ जाकीट उघडले? ‘माझे’ जाकीट उघडले? कोशात शोधून याचे उत्तर मिळत नाही, कारण शब्द अगदी साधा आहे. सांगणारा स्वतःला प्रसंगात गुंतवून घेण्यासाठी हे ‘मला’ घालतो, त्याला स्वतंत्र अर्थ नसतो. आजच्या इंग्रजी वाचकाला हे समजावून सांगताना शिक्षकाला घाम फुटतो. मराठी वर्गात एक वाक्य पुरते: ‘हा पोरगा मला काही खातच नाही हो.’ पोरगा आईला खाणार नसतो, पण त्या ‘मला’शिवाय तिचा जीव वाक्यात येत नाही. कास्काचे ‘मी’ ते हेच. असे काही वर्गात सांगितले की चोपड्याच्या किंवा पारोळ्याच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा जाणवते की या भाषेत शिरायची एक वाट आपल्या घरातूनही जाते.

‘दाऊ’ आणि ‘यू’ यांच्या बाबतीत तर मराठी वाचक आजच्या इंग्रजी वाचकाच्या कितीतरी पुढे असतो. आजच्या इंग्रजीत सर्वांना एकच ‘यू’ उरले. शेक्सपिअरच्या काळात ‘दाऊ’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही, हा भेद बोलण्यात जिवंत होता, आणि कोण कोणाला कधी काय म्हणतो यात नाट्य असे. पहिल्याच प्रवेशात ट्रिब्यून चांभाराला आधी ‘यू, सर’ म्हणून विचारतो. उत्तर टोलवले जाते आहे असे पाहून तो ‘दाऊ’वर येतो आणि मग ‘दाऊ नेव्ह’, म्हणजे ‘अरे हरामखोरा’, इथपर्यंत घसरतो. चांभार मात्र शेवटपर्यंत ‘सर’ सोडत नाही आणि त्या आदरातूनच त्याची खोडी काढत राहतो. ‘अहो’वरून ‘अरे’वर येणाऱ्या अधिकाऱ्याचा सूर आपल्या वाचकाला समजावून द्यावा लागत नाही. क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत: ‘दाऊ’बरोबर क्रियापदाच्या शेवटी ‘स्ट’ येतो, जसा आपल्या ‘तू’बरोबर ‘येतोस, जातोस, म्हणालास’ यांत ‘स’ येतो. अँटनी सीझरच्या प्रेताशी एकटा बोलतो तेव्हा त्याला ‘दाऊ’ म्हणतो. जिवंतपणी ज्याच्या शब्दाखाली वागला त्या बलाढ्य माणसाला तो आता अरे-तुरे करतो, आणि त्यात अनादराचा लवलेश नाही. आपणही विठ्ठलाला, आईला आणि गेलेल्या माणसाला ‘तू’ म्हणतो. हे सगळे संपादकीय टिपेत बसणारे नाही. टिपा अमेरिकेतील वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या आहेत, तेव्हा मराठी वाचकाने उजव्या पानावरच्या प्रत्येक ‘दाऊ’खाली पेन्सिलीने रेघ ओढावी, असे मी सुचवीन. पुस्तकाचा निम्मा ताणतणाव त्या रेघांतून दिसू लागतो.

याच कारणामुळे आवृत्तीची मर्यादाही सांगितली पाहिजे. टिपा इंग्रजीतून इंग्रजीत आहेत. ज्याच्या घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी आहे, त्या विद्यार्थ्याला कधी कधी टिपेतला शब्दही कोशात पाहावा लागतो आणि मग वाचनाची लय तुटते. नंदुरबार जिल्ह्यातील भिल्ल किंवा पावरा घरातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत तर इंग्रजी ही चौथी भाषा ठरते. अशा वाचकाने हे पुस्तक एकट्याने घेऊन बसू नये. कोणीतरी मोठ्याने वाचणारा सोबत असावा. टिपा थोडक्यात असल्यामुळे शब्दाचा अर्थ का बदलला, केव्हा बदलला, याचे समाधानही त्यांत मिळत नाही. त्यासाठी जर्मन विद्वान अलेक्झांडर श्मिट यांचा १८७४-७५ सालचा शेक्सपिअर कोश आजही कामाचा आहे. एखादा शब्द कोणत्या नाटकात कोणत्या ओळीत कोणत्या अर्थाने आला, हे त्यात दिलेले आहे आणि तो इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. सी. टी. अनियन्स यांचा १९११ सालचा लहान कोश ग्रंथालयात मिळाला तर तोही हाताशी ठेवावा.

पुस्तकातील बाकीच्या गोष्टींविषयी थोडक्यात. प्रत्येक प्रवेशाच्या आधी त्याचा सारांश आहे. विद्यार्थ्यांना तो आवडतो, मी तो प्रवेश वाचून झाल्यावर वाचायला सांगतो. सुरुवातीला या नाटकाची भाषा कशी वाचावी यावर स्वतंत्र प्रकरण आहे. बदललेले शब्द, उलटसुलट झालेली वाक्यरचना आणि शब्दांचे खेळ असे विषय त्यात येतात, आणि हे प्रकरण न टाळता सावकाश वाचावे. रंगसूचनांत जुने लॅटिन ‘एक्झेउंट’ काढून सरळ ‘ते जातात’ अशा अर्थाचे साधे इंग्रजी ठेवले आहे, त्यामुळे नवशिक्याची एक अडचण कमी होते. ‘अलारम’ म्हणजे लढाईच्या वेळचा इशाऱ्याचा नाद, हे एकदा कळले की पाचव्या अंकात पुन्हा अडखळायला होत नाही. जुन्या ग्रंथांतील चित्रेही टिपांच्या पानांवर आहेत. शेवटचा समीक्षालेख अभ्यासकांसाठी आहे, पहिल्या वाचनात तो सोडला तरी चालेल.

विकत घेण्याविषयी मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तिथे पैसे वाया जातात. जळगाव किंवा धुळ्याच्या दुकानांत ही आवृत्ती सहसा मांडलेली दिसत नाही, मागवावी लागते, आणि परदेशी प्रकाशन असल्याने ती देशी आवृत्त्यांपेक्षा महाग पडते. नाटक स्वामित्वहक्काच्या बाहेर असल्यामुळे त्याच नावाची असंख्य स्वस्त पुनर्मुद्रणे बाजारात आहेत. त्यांत नुसती संहिता असते, टीप एकही नसते. ऑनलाइन मागवताना एका विक्रेत्याने मला असेच पुस्तक पाठवले. यादीत चित्र एका आवृत्तीचे आणि पाकिटात पुस्तक दुसरेच. म्हणून मागवण्यापूर्वी प्रकाशकाचे नाव आणि आयएसबीएन क्रमांक जुळवून पाहावा, आणि आतल्या पानांचे नमुने दाखवलेले असतील तर डाव्या पानावर टिपा आहेत याची खात्री करून घ्यावी. ई-पुस्तक घेण्याचा मोह मोबाइलमुळे होतो, पण पडद्यावर समोरासमोरची दोन पाने राहत नाहीत, टिपेसाठी दुव्यावर बोट ठेवावे लागते. म्हणजे वाचकाला शंका आली तरच टीप दिसणार, आणि ज्या फसव्या शब्दांसाठी हे पुस्तक घ्यायचे ते पुन्हा निसटणार. छापील प्रतच घ्यावी. नुसती संहिता हवी असेल तर फोल्जरच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य उपलब्ध आहे आणि वर्गात पडद्यावर दाखवायला ती उत्तम आहे.

महाविद्यालयीन ग्रंथालयांनी या आवृत्तीच्या एकाऐवजी चार-पाच प्रती घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. एक प्रत संदर्भ विभागाच्या कपाटात कुलपात राहते. चार-पाच असल्या तर मुले गोल करून बसतात, एक ब्रूटस होतो, एक अँटनी होतो आणि उरलेले रोमन जमाव होतात. जमावाची वाक्ये तुटक आणि सोपी असल्याने इंग्रजीला बिचकणारी मुलेही तिथे मोकळी होतात. स्वतःच्या पैशाने घेणाऱ्या विद्यार्थ्याने दोघातिघांत मिळून एक प्रत घेतली तरी पुरेल. ज्या शिक्षकाला हे नाटक पहिल्यांदाच शिकवायचे आहे, त्याने मात्र स्वतःची प्रत घ्यावी, कारण तिच्या समासांत त्याला मराठीतून बरेच काही लिहावे लागणार आहे.

‘सीझर’ पचल्यावर याच मालिकेतील ‘हेन्री चौथा’चा पहिला भाग आणि ‘हेन्री पाचवा’ ही इंग्लंडच्या इतिहासावरची नाटके घ्यावीत. त्यांची भाषा अधिक अवघड आहे, कारण दरबाराच्या जोडीला तिथे दारूच्या गुत्त्यातील बोली येते. ‘सॅक’ म्हणजे पोते नव्हे, ती स्पेनकडून येणारी पांढरी वाइन. ‘ड्रॉवर’ म्हणजे टेबलाचा खण नव्हे, पिंपातून दारू काढून देणारा पोऱ्या. पिस्टल या पात्राला ‘एन्शंट’ म्हणतात ते त्याच्या म्हातारपणामुळे नव्हे, तर तो पलटणीतला निशाणदार आहे म्हणून. १४१५ सालच्या अजिंकूरच्या लढाईआधीच्या भाषणात राजा म्हणतो की आज माझ्याबरोबर रक्त सांडणाऱ्याची स्थिती हा दिवस ‘जंटल’ करील. तिथे ‘सौम्य’ असा अर्थ घेतला तर वाक्य निरर्थक होते, आणि ‘कुलीन’ असा घेतला तर एक राजा आपल्या साध्या शिपायांना काय देऊ करतो आहे ते समजते. त्या भाषणाच्या वेळी डावे पान उघडेच ठेवावे.